कमरेला बांधलेली ढोलकी

भाऊबीज उरकली की भंडारा-गोंदियाकडं मंडयांचा हंगाम सुरू होतो. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. भंडाऱ्याहून पवनीकडं जाताना अड्याळ मागं पडलं की कोंढा-कोसरा लागतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून उभा असतो, आणि मधल्या त्या उसंतीत लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात. दिवसा दुकानं, पाळणे, गोवाऱ्यांची ढाल. रात्री दंडार, नाटक, नाहीतर खडी गंमत.

खडी गंमत पाहताना माझी नजर नेहमी ढोलकीवाल्याच्या कमरेवर जाते. ढोलकी त्यानं करकचून बांधलेली असते. शेजारी टाळवाला, तुणतुणंवाला. रात्र सरेपर्यंत कुणी बसत नाही. गाणारे पुढं येतात, मागं सरतात, नाच्या गिरकी घेतो, आणि ढोलकीवाला त्यांच्यामागं सरकत राहतो. वाद्य त्याच्या अंगाचाच एक भाग झालेलं असतं. जमिनीवर मांडून ठेवलेलं, गादीवर टेकवलेलं असं तिथं काही नसतंच.

ही ढोलकी जमिनीपासून ४०० किलोमीटर वर, वजन नसलेल्या यानात वाजेल का? गेल्या वर्षी हा प्रश्न मनात शिरला आणि निघायला तयार नाही. २५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला निघाले, दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोचले आणि १५ जुलैला परत आले. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सॅल्यूत-७ वर गेले होते, त्यानंतर ४१ वर्षांनी. शुक्लांच्या शिदोरीत गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस होता. आमरस वर जाऊ शकतो तर वाद्य का नाही? भारताचं स्वतःचं अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभं करायचं असं सरकारनं जाहीर केलं आहे. तिथं माणसं महिनोन्महिने राहणार. ती काय वाजवतील, याचा विचार आजच करायला हवा असं मला मनापासून वाटतं. आणि या विचाराला उपयोगी पडणारी जाण भंडारा-गोंदियाकडच्या आपल्या झाडीपट्टीतल्या उभ्यानं वाजवणाऱ्या माणसांकडं आहे.

*

वर पहिलं वाद्य वाजलं १६ डिसेंबर १९६५ रोजी. जेमिनी-६ यानात वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड होते. जेमिनी-७ च्या अगदी जवळ जाऊन शेजारी-शेजारी उडण्याचं, तोवर कुणालाच न जमलेलं काम त्यांनी आदल्या दिवशी पार पाडलं होतं. परतायच्या आधी स्टॅफर्डनं जमिनीवरच्या नियंत्रकांना गंभीर आवाजात कळवलं, की उत्तरेकडून दक्षिणेकडं जाणारी एक वस्तू दिसते आहे. खाली सगळे सावध झाले, आणि वरून ‘जिंगल बेल्स’ ऐकू आलं. नाताळ जवळ आला होता. शिराच्या ओठांशी माउथ ऑर्गन होता, स्टॅफर्डच्या हातात छोट्या घंटा. हॉनर कंपनीचा ‘लिटल लेडी’ नावाचा तो माउथ ऑर्गन जेमतेम साडेतीन सेंटीमीटर लांबीचा, चार छिद्रांचा, आठ सुरांचा. आज तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

भजनात पेटी ऐकत वाढलेल्या माणसाला या गोष्टीचा आनंद व्हायला हवा. माउथ ऑर्गन आणि हार्मोनियम एकाच कुळातले. दोन्हींत धातूची पातळ रीड एका टोकाला घट्ट बसवलेली असते, दुसरं टोक मोकळं. हवा गेली की ते थरथरतं आणि सूर निघतो. म्हणजे अंतराळात वाजलेला पहिला सूर आपल्या पेटीच्या भाऊबंदाचा.

तो सूर बिघडला नाही, यामागं कारण आहे. जेमिनीच्या केबिनमध्ये आपल्यासारखी हवा नव्हती. होता निव्वळ ऑक्सिजन, तोही जमिनीवरच्या हवेच्या सुमारे एक तृतीयांश दाबाचा. रीडचा सूर मुख्यतः तिच्या स्वतःच्या जाडीवर, लांबीवर आणि ताठपणावर ठरतो, त्यामुळं माउथ ऑर्गन फारसा हलला नाही. बासरी असती तर फसली असती. बासरीत थरथरते ती आतली हवा, आणि ऑक्सिजनमध्ये ध्वनी साध्या हवेपेक्षा थोडा हळू जातो. हिशेब केला तर काळी दोनची बासरी तिथं जवळजवळ पांढरी दोनवर उतरते. १९७३-७४ च्या स्कायलॅबमध्येही दाब असाच कमी होता. तिथल्या अंतराळवीरांना शीळ घालता येईना, आणि थोडं दूरच्या माणसाला हाक मारायची तर घसा बसायचा. आजच्या स्थानकात दाब समुद्रसपाटीइतका असतो आणि हवाही आपल्यासारखीच, म्हणून बासरीचा स्वर जागेवर राहतो.

तारेचंही तसंच. सतारीची, गिटारची, तंबोऱ्याची तार बोलते ती ताणामुळं, आणि ताण खुंटी देते. तबल्याच्या पुडीला ताण वादी आणि गट्टे देतात. यात गुरुत्वाकर्षणाचं काहीच काम नाही. वाद्य पृथ्वीवर जसं लावलं तसंच वर बोलेल. अडचण वाजवणाऱ्याची होते.

*

वजन नसणं म्हणजे गुरुत्वाकर्षण नसणं, हा गैरसमज शाळेपासून आपल्या मनात घट्ट बसलेला असतो. ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के शिल्लक असते. फक्त यान, त्यातला माणूस आणि त्याच्या हातातलं वाद्य ही तिन्ही एकाच गतीनं पृथ्वीभोवती पडत असतात. सगळंच एकत्र पडत असल्यामुळं कुणी कुणावर टेकत नाही. मांडीवर सतार टेकत नाही, चुंबळीवर तबला टेकत नाही, आणि बैठकीवर वादक टेकत नाही.

एरवी हे टेकणं आपल्या लक्षातही येत नाही. तबलजी डाव्या हाताचं मनगट डग्ग्यावर दाबून मींड काढतो, तेव्हा त्याच्या दाबाला जमीन खालून उत्तर देत असते. जमीन काढून घेतली तर दाबताक्षणी डग्गा एकीकडं आणि तबलजी दुसरीकडं जाईल. कुणाला ढकललं की तितक्याच जोरानं आपण मागं जातो, हा न्यूटनचा तिसरा नियम. आपण जमिनीला चिकटून असतो म्हणून तो जाणवत नाही, एवढंच.

कोंढ्यात एका घरच्या पडवीत झुला टांगलेला आहे. तिथं भजनी मंडळातल्या पेटीवाल्या भाऊंना मी झुल्यावर बसायची विनंती केली. पेटी समोरच्या स्टुलावर ठेवली आणि त्यांना पाय उचलून घ्यायला सांगितलं. त्यांनी डाव्या हातानं भाता आपल्याकडं ओढला, तसा झुला पेटीकडं सरकला. भाता सोडला, झुला मागं गेला. दोन-चार भात्यांतच झुल्याला लय सापडली आणि उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवरून घसरू लागली. गाणं त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं, पण बोट ज्या पट्टीवर पडायचं ती दर खेपेला वीतभर पुढंमागं. भाऊ थांबले आणि म्हणाले, की पाय टेकल्याशिवाय हे व्हायचं नाही. मग त्यांच्या जागी ढोलकीवाल्या दादांना बसवलं. ढोलकी त्यांनी नेहमीसारखी कमरेला आवळून बांधली, पाय उचलले आणि केरवा धरला. झुला नुसता थरथरत राहिला. कुठं गेला नाही.

फरक सगळा या बांधण्यात आहे. पेटी स्टुलावर होती, म्हणजे भाऊंच्या शरीराबाहेर. तिला ओढलं की ते तिच्याकडं ओढले जाणार. दादांची ढोलकी त्यांच्याच शरीराला बांधलेली. हातानं थाप दिली तर धक्का ढोलकीला, ढोलकीतून कमरेला, आणि हात त्याच कमरेशी जोडलेल्या धडाचा. जोर आतल्या आत फिरतो आणि मिटतो. बाहेर ढकलायला काही उरत नाही. यानात ढोलकीवाला हवेत मधोमध तरंगत असला, भिंतीला हात लावायलाही काही नसलं, तरी तो वाजवत राहील आणि जागचा फारसा हलणार नाही.

*

जे वर वाजवून आले त्यांचे अनुभव याच गोष्टीभोवती फिरतात. एलन ओचोआ एप्रिल १९९३ मध्ये डिस्कव्हरी शटलमधून गेल्या तेव्हा त्यांनी बासरी नेली होती. वाजवताना त्यांनी पाय यानाच्या तळावरच्या पट्ट्यांत अडकवले होते, कारण बासरीवर फुंकलेल्या हवेचा हलका जोरही माणसाला सरकवायला पुरतो, असं त्यांनी नंतर सांगितलं. फुंकरीनं माणूस हलतो, हे जमिनीवर कुणाला पटणार?

कार्ल वॉल्झ २००१-०२ मध्ये स्थानकावर राहिले. त्यांच्याकडं की-बोर्ड होता. पट्टी दाबली की माणूस वर ढकलला जातो, म्हणून स्वतःला धरून ठेवण्याची तजवीज आधी करावी लागे. स्थानकात माणसं पायाची बोटं भिंतीवरच्या दांड्यांखाली अडकवून उभी राहतात. हळूहळू तळव्याची कातडी मऊ पडते आणि पावलाच्या वरच्या बाजूला घट्टे पडतात. सतारियाच्या बोटाला पडावेत तसे ते घट्टे, फक्त पायाच्या पाठीवर.

गिटारची कहाणी मोठी आहे. १९७८ मध्ये सॅल्यूत-६ वर अलेक्सांद्र इव्हान्चेन्कोव यांच्यासाठी एका मालवाहू प्रोग्रेस यानातून गिटार पाठवली गेली. सोबत इंधन आणि अन्न होतंच. रशियनांनी गिटारला त्याच यादीत बसवलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नोव्हेंबर १९९५ मध्ये कॅनडाचे क्रिस हॅडफिल्ड मीर स्थानकावर घडी होणारी गिटार घेऊन गेले. तिथं जर्मनीचे थॉमस रायटर होते, तेही वाजवणारे. आजच्या स्थानकात असलेली लॅरिव्हे कंपनीची छोटी लाकडी गिटार २००१ मध्ये वर गेली आणि कितीतरी जणांच्या हातांतून फिरली. तिच्यावरच हॅडफिल्ड यांनी डेव्हिड बोवीच्या ‘स्पेस ऑडिटी’चं आपलं रूप सादर केलं. मे २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि जगभर पाहिलं गेलं.

त्या चित्रफितीत सगळं सहज दिसतं, पण हॅडफिल्ड यांनी जी अडचण सांगितली ती वादकांनी नीट ऐकावी अशी आहे. गळ्यात पट्टा घालून उपयोग नाही, कारण गिटार खाली लोंबतच नाही; ती पट्ट्यासकट समोर तरंगते, आणि काखेत दाबून धरावी लागते. दुसरं म्हणजे डावा हात दांडीवरून सरकवला की पडद्यापुढं निघून जातो. वर्षानुवर्षांच्या सरावात मेंदूनं हाताचं वजन धरून अंदाज बसवलेले असतात. हाताला वजनच उरलं नाही की तोच अंदाज चुकतो. काही दिवसांनी मेंदू नवा हिशेब शिकतो आणि हात पडद्यावर थांबू लागतो.

पट्ट्याचा हा मुद्दा आपल्या वाद्यांना तसाच लागू आहे. वारीच्या दिंडीत पखवाज गळ्यात असतो, प्रभातफेरीत पेटीही गळ्यात अडकवतात. चालत्या पायांनी वाजवण्याची ही रीत बैठकीपेक्षा वरच्या जगाला जवळची आहेच. पण गळ्यातला पखवाज स्वतःच्या वजनानं पोटाशी येऊन बसतो, आणि वर गेल्यावर तो हनुवटीशी येईल. खडी गंमतीतली कमरेची आवळलेली गाठ इथं सरस ठरते.

*

गायकाचं काय होतं तेही सांगायला हवं. वजन गेलं की पायांकडचं रक्त आणि द्रव छातीकडं, डोक्याकडं सरकतात. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, नाक चोंदतं, आवाज सर्दी झाल्यासारखा येतो. पोटातले अवयव थोडे वर सरकतात, त्यामुळं छातीतली विसाव्याची हवाही कमी होते. भजनात वरची पट्टी लावणाऱ्याला हे पहिल्याच कडव्यात जाणवेल.

शिवाय तिथं शांतता नाही. पंखे अखंड चालतात, आणि ते थांबवता येत नाहीत. जमिनीवर श्वासातून सुटलेली गरम हवा आपोआप वर जाते. तिथं वर-खाली नसल्यामुळं तोंडातून निघालेला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साचतो. पंख्यानं तो हटवावा लागतो. त्या घोंगावणाऱ्या आवाजातच सा लावायचा.

तरी माणसं वाजवतात. केडी कोलमन डिसेंबर २०१० ते मे २०११ वर होत्या. त्यांनी अनेक बासऱ्या नेल्या होत्या, त्यात आयर्लंडच्या चीफटन्स या वाद्यवृंदातल्या मॅट मोलॉय यांची एक. गागारीनच्या उड्डाणाला ५० वर्षं झाली तेव्हा, १२ एप्रिल २०११ ला, त्यांची आणि ‘जेथ्रो टल’च्या इयन अँडरसनची जुगलबंदी सादर झाली. एक बासरी कक्षेत, एक रशियात. एप्रिल २०१० मध्ये जपानच्या नाओको यामाझाकी यांनी छोटा कोटो नेला. कोटो म्हणजे आडवं ठेवून छेडायचं तंतुवाद्य. फेब्रुवारी २०२२ मध्ये वांग यापिंग यांनी चीनच्या थ्येनकुंग स्थानकात गुझेंग हे त्याच जातीचं वाद्य वाजवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोलारिस डॉन मोहिमेत सारा गिलिस यांनी व्हायोलिनवर जॉन विल्यम्सची ‘स्टार वॉर्स’मधली रचना वाजवली. पृथ्वीवरच्या वेगवेगळ्या देशांतल्या वाद्यवृंदांनी तिला साथ दिली. डॉन पेटिट यांनी तर स्थानकातल्या व्हॅक्युम क्लीनरच्या नळीचा डिजरीडू केला. नोव्हेंबर २०१५ मध्ये शेल लिंडग्रेन यांनी स्कॉटिश बॅगपाइप वाजवली, आपल्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या स्मरणार्थ. कोटो आणि गुझेंग पाहिले की मला हुरूप येतो. जपान आणि चीन आपापल्या आजीच्या घरातलं वाद्य वर घेऊन गेले.

आणि रॉन मॅकनेअर. दक्षिण कॅरोलायनातल्या लेक सिटीत वाढलेला कृष्णवर्णीय मुलगा, पुढं एमआयटीतून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्यानं चॅलेंजर शटलमध्ये सॅक्सोफोन वाजवला. पुढच्या उड्डाणात त्याच्यावर एक खास काम होतं: फ्रेंच संगीतकार जाँ-मिशेल जार यांनी त्याच्यासाठी रचना केली होती, ती त्यानं कक्षेतून वाजवायची. २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी चॅलेंजरचे तुकडे झाले. सातही जण गेले. ५ एप्रिलला ह्यूस्टनमध्ये जार यांनी कार्यक्रम ठरल्याप्रमाणे केला, आणि मॅकनेअरची रचना कर्क व्हेलम यांनी सॅक्सोफोनवर वाजवली. वाजवणारा नसला तरी रचना अडली नाही, पण ती वरून यायची होती. हे वाचताना आजही घशात आवंढा येतो.

*

मराठी माणसाला अंतराळ आणि संगीत म्हटलं की केसरबाई केरकर आठवतात, आणि आठवायलाच हव्यात. गोव्यातल्या केरी गावी १३ जुलै १८९२ ला जन्म, अल्लादिया खाँसाहेबांची तालीम, जयपूर-अत्रौली गायकी. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकानं ती सुचवली होती. तिची ध्वनिमुद्रिका शोधता शोधता सोनेरी तबकडीच्या चमूतल्या अ‍ॅन ड्रुयान यांना ती न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या उपकरणांच्या दुकानात सापडली. व्हॉयेजर-२ निघालं २० ऑगस्ट १९७७ ला, व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबर १९७७ ला. आज व्हॉयेजर-१ पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरहून दूर आहे, आणि त्याच तबकडीवर मराठीतला नमस्कारही आहे.

मात्र ही भैरवी तिथं वाजत नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत ती कोरलेली आहे. कुणाला सापडली, त्यानं सोबतची सुई लावली, मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी तबकडी फिरवली, तर ती उमटेल. केसरबाईंच्या गाण्याइतकं मोलाचं दुसरं काय पाठवता आलं असतं, असं मला वाटतं. पण माणसानं वर जाऊन, घाम गाळून, चुकत-माकत वाजवण्याचा भाग अजून आपल्या वाट्याचा उरला आहे.

*

तर मग न्यायचं काय? मिरजेच्या सतारमेकरांचा तंबोरा न्यावा असं पहिल्यांदा कुणाच्याही मनात येईल. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्याचं ते काम म्हणजे महाराष्ट्राचं वैभवच. पण तंबोरा माणसाच्या उंचीचा, आणि यानात घनफुटाघनफुटाला किंमत. तारा छेडल्या की तो हळूहळू फिरू लागेल, त्याला दोन ठिकाणी बांधून ठेवावं लागेल.

पखवाजाला कणीक लागते. डाव्या पुडीवर ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही, आणि वाळली की ती भेगाळते, तिचे कण सुटतात. अंतराळात कण हा शत्रू. तरंगणारा कण डोळ्यात जातो, श्वासात जातो, यंत्रात शिरतो. मार्च १९६५ मध्ये जेमिनी-३ वर जॉन यंगनं लपवून नेलेल्या सँडविचचे तुकडे उडाले तर अमेरिकन काँग्रेसपर्यंत प्रश्न गेला. आजही तिथं पावाऐवजी मेक्सिकन पोळी खातात. याच कारणानं तबलजी हाताला लावतात ती पावडर चालणार नाही. शाईही तपासावी लागेल. लोखंडाची बारीक पूड आणि भाताची खळ घोटून थर चढवलेली शाई जुनी झाली की तिची पूड झडते.

आणखी एक अडचण आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळी हवेत कातडं ढिलं पडतं. डफडंवाले ते शेकोटीवर शेकून चढवतात. स्थानकात जाळ कुठून आणणार? आग ही तिथली सगळ्यात मोठी भीती. म्हणून वर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचं लाकूड, रोगण, दोरी पेट घेते का, तिच्यातून वास किंवा वाफ सुटते का, हे तपासलं जातं. मग तुटलेल्या तारेचं टोक, धारदार कड, बॅटरी.

या सगळ्या चाळणीतून सगळ्यात सहज निघेल ती खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हातातली, विदर्भातल्या गावोगावच्या भजनात वाजणारी. खंजिरी एका हातात धरायची, दुसऱ्यानं वाजवायची. दोन्ही हात एकाच शरीराचे, त्यामुळं धक्का इथंही आतल्या आत मिटतो. बांधण्याचीही गरज नाही. वजनाला काही शंभर ग्रॅम, कातड्याऐवजी कृत्रिम पुडी लावली तर शेकण्याचा प्रश्नच नाही. झांजा पिनेवर डुलतात. वर त्या खाली पडणार नाहीत, मधेच कुठंतरी थांबतील, पण हलवलं की वाजतीलच.

तरी माझं मत ढोलकीला आहे. खंजिरीत लय आहे, ढोलकीत लय आणि बोल दोन्ही आहेत. महिनोन्महिने रोज संध्याकाळी तासभर रमायचं तर वाद्यात तेवढी खोली हवी. नवा तोडा बसवायला आठवडा लागावा, असं वाद्य हवं. दोरीऐवजी नायलॉन, पुडी कृत्रिम, शाईच्या जागी न झडणारा लेप, आणि कमरेला आजच्यासारखीच आवळपट्टी. कृत्रिम पुडीचा नाद कातड्यासारखा गोड नसतो, हे ढोलकीवाले बरोबरच सांगतात. ती कमतरता सोसावी लागेल. खडी गंमतीतलं आणखी एक मात्र वर जाणार नाही, ते म्हणजे नाच. घुंगरू बांधून पाय आपटायचा तर जमीन हवी. आपटणारा माणूसच उलट छताला लागेल. टेकू नसला तर गिरकीही मनासारखी घेता येत नाही. तिथं नाच्याला नवी अदा शोधावी लागेल, आणि शोधणारा कुणीतरी निघेल याची मला खात्री आहे. झाडीपट्टीच्या रंगभूमीनं कितीतरी बदल पचवले आहेत. २०२३ मध्ये गडचिरोलीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या भागातल्या रातभर जागणाऱ्या मंडपांची दखल देशानं घेतली.

हे सारं कागदावर ठेवायची गरज नाही. वजनरहित अवस्था विमानातही मिळते. विमान उंच चढवून कमानीसारख्या वाटेनं खाली आणलं की आतल्या माणसांना २० ते २२ सेकंद वजन राहत नाही. मिनिटाला १२० मात्रांची मध्यलय धरली, तर आठ मात्रांच्या केरव्याचं एक आवर्तन चार सेकंदांचं. म्हणजे एका कमानीत पाच आवर्तनं बसतात. अशा २०-३० कमानी एका उड्डाणात होतात. कमानीच्या आधी आणि नंतर वजन जवळजवळ पावणेदोन पट होतं, तेव्हा हात ढोलकीवर धोंड्यासारखा पडेल. पहिल्या दोन-तीन कमानी ढोलकीवाल्यानं नुसतं सावरण्यात घालवाव्यात. त्यानंतर एका कमानीत त्यानं ढोलकी कमरेला बांधून वाजवावी, पुढच्या कमानीत तीच ढोलकी भिंतीला बांधून वाजवावी, आणि दोन्ही वेळा तो किती वाहत गेला ते कॅमेऱ्यातून मोजावं. त्यासाठी ढोलकीवाला मात्र खडी गंमतीत रात्र काढलेला हवा, कारण बसून शिकलेल्याचा हात आधी जमीन शोधेल.